मागच्या चाकांतील हवा

माझ्या थोरल्या बंधूंच्या मृत्यूनंतर त्यांचे ते तीनचाकी वाहन अकरा वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभे होते. पुढे एक चाक व मागे दोन, तिन्ही चाके फुग्यासारखी जाड, मध्ये मोटारसायकलसारखी बैठक, असे त्याचे स्वरूप होते. असली वाहने कारखान्यांनी बनवणे केव्हाच बंद केले आहे. परंतु कालव्याच्या बांधावरील रस्ता वर्षभर भुसभुशीत असे आणि त्यात साधी दुचाकी बुडत असे. दादा त्या बांधावर देखरेखीचे काम करीत. दररोज अठरा मैल जाऊन, कोठे पाझर आहे, कोठे घुशींनी बिळे केली आहेत, याची नोंद करून परत यावयाचे, हे त्यांचे काम होते. ते करताना त्यांचे त्या वाहनावर इतके प्रेम जडले की वहिनी त्यास ‘माझी सवत’ असे म्हणत.

माझे स्वतःचे दुचाकी दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. तथापि दादांनी आपल्या गाडीस मला कधी पाना लावू दिला नाही. ते म्हणत, “तुझा हात जड आहे. ही नाजूक आहे.” त्यामुळे सदर वाहनाविषयी माझे ज्ञान फार तोकडे होते, आणि पुढील सर्व प्रकार त्यातूनच घडला.

अपघात बांधाच्या उतारावर, वळणापाशी झाला. गाडी उसळली, उलटली आणि दादा तिच्याखाली सापडले. कचेरीच्या कागदावर ‘चालकाच्या अतिवेगामुळे’ असे लिहून आले. तो कागद वाचून वहिनी केवळ इतकेच बोलल्या, “वेग नव्हे. राग.” त्या दिवशी सकाळी उभयतांत भांडण झाले होते, एवढे आम्हा सर्वांस ठाऊक होते. कशावरून झाले ते कोणी विचारले नाही.

त्यापूर्वी वहिनींच्या तोंडी लागण्याची आमच्या गल्लीत कोणाची छाती नव्हती. त्या शिवणकाम करतात. रुग्णालयातील डॉक्टरांचे पांढरे कोट त्यांच्याकडे शिवावयास येतात. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी कोट पोटावर घट्ट झाल्याची तक्रार केली, तेव्हा “कोट मी शिवला, पोट तुम्ही वाढवलंत,” असे वहिनींनी त्यांस तोंडावर सुनावले होते. परंतु दादा गेल्यापासून त्यांचा आवाज कोणी चढलेला ऐकला नाही. घरातून कोणी बाहेर निघाले की त्या शिलाई थांबवून दारापर्यंत येत, आणि जाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत. मुलीने उलट उत्तर दिले तर ओठ मिटून घेत. मुलगी मजजवळ कुरकुरे, “काका, आई भांडतच नाही हो. भिंतीशी राहिल्यासारखं वाटतं.”

ही माझी पुतणी. लहानपणी अंगाने किरकोळ होती म्हणून तिला बारकी म्हणत. आता ती माझ्याहून चार बोटे उंच आहे, पण नाव तेच राहिले. गेल्या वर्षी तिची नेमणूक त्याच कालव्यावर, वडिलांच्याच जागी झाली. नेमणुकीचा कागद हाती पडला त्याच आठवड्यात तिने शेडमधील ताडपत्री ओढून काढली व मला बोलावणे धाडले.

“काका, होईल का हो चालू?”

“हिच्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदल्यात,” बैठकीतील फाटक्या स्पंजाकडे पाहून मी म्हणालो. “आधी त्यांना नोटीस द्यावी लागेल.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या नकार देतील असे मला वाटले, नव्हे, मी त्याची वाटच पाहत होतो. पण त्या म्हणाल्या, “करा दुरुस्त, भाऊजी. गाडीनं काय केलंय? माणूस रागानं घराबाहेर पडला की खाली गाडी कुठली का असेना.” मग मुलीकडे वळून, “तू एवढंच कर. रागात असलीस तर हिच्यावर बसू नकोस. पायी जा.”

“पायी अठरा मैल?”

“राग जाईल तोवर,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी व बारकीने गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली. दररोज दुपारी गिऱ्हाईक कमी असे, तेव्हा मी गाडीचे काम करी. टाकीतील पेट्रोल आटून तळाशी राळेसारखे झाले होते. टाकीत मूठभर बारीक खडी टाकून ती तासन् तास हलवली, तेव्हा गंज सुटला. कार्बोरेटरची भोके वायरीच्या एकेका तांब्याच्या तंतूने मोकळी केली. हवा गाळण्याच्या डब्यातून उंदराचे घरटे निघाले, त्यात पांढऱ्या कापडाच्या चिंध्या होत्या, वहिनींच्याच शिलाईतल्या. मागचा दांडा सरळ एकसंध आहे. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, म्हणून वळताना चालविणाऱ्यास स्वतःचे अंग एका बाजूस झोकावे लागते. त्या दांड्याचे बेअरिंग झिजून गेले होते, ते हातोडीने न ठोकता तापवून काढले. दादा म्हणत तसा मी हात हलका ठेवण्याचा प्रयत्न करीत होतो.

एके दिवशी सुरू करण्याची दोरी सतराव्यांदा ओढल्यावर इंजिनाने खोकल्यासारखा आवाज केला आणि ते चालू झाले. मी ते तसेच चालू ठेवून बाकावर बसून राहिलो. डोळ्यांना धूर लागला, असे मी शेजारच्या चहावाल्यास सांगितले.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अपघाताच्या दिवशी सकाळी दादा जाता जाता माझ्या गॅरेजपाशी थांबले होते. कालव्यास पाझर लागल्याचा निरोप आला होता, म्हणून ते आत जाऊन माझ्या फोनवरून कचेरीशी बोलत होते. मी बाहेर त्यांच्या गाडीकडे पाहिले. मागची दोन्ही चाके मला दबलेली दिसली, अंगठ्याने दाबली तर आत जात होती. मी कॉम्प्रेसरची नळी ओढली आणि दोन्ही चाकांत अठरा पौंड हवा भरली, कोणत्याही स्कूटरला भरतो तशी. चाके टणक झाली. दादा घाईने बाहेर आले, बसले आणि निघून गेले. मी त्यांस काही बोललो नाही. जोडे पुसून ठेवल्यावर कोणी ते सांगत नाही, तसेच ते होते. आणि ज्यास दादांनी आपल्या गाडीस कधी हात लावू दिला नाही, अशा माझ्यासारख्या धाकट्या भावाकडून अखेरच्या दिवशी एवढी तरी सेवा घडली, याचे मला अकरा वर्षे समाधान होते. झोप येत नसे तेव्हा मी तीच आठवण काढीत असे.

मागची जुनी चाके तडकलेली होती. नवी मिळत नाहीत. आमच्याकडे एक वयस्क भंगारवाला आहे, त्यास सारे नटबोल्ट म्हणतात. त्याने कोठूनशी एक जोडी पैदा केली व हातगाडीवर घालून आणली. आम्ही दोघांनी ती चढवली. मी कॉम्प्रेसर चालू करून नळी लावली.

“किती भरतोयस?” त्याने विचारले.

“अठरा.”

त्याने नळी माझ्या हातातून काढून घेतली. “पोरीला मारायचंय का तुला?”

मी हसलो. तो हसला नाही.

“अरे, ही चाकं म्हणजे उशा आहेत उशा. गाडीला स्प्रिंग कुठंय मागं? चाकंच स्प्रिंग. दोन पौंड, फार तर अडीच. अठरा भरलेस तर दगडावर चढली की चेंडूसारखी उसळेल आणि उलथून अंगावर येईल. असे किती गेले माहितीये? म्हणून तर बंद झाल्या या गाड्या.”

“दोन पौंड?” मी म्हणालो. “माझ्या गेजचा काटा दहाच्या खाली हलतसुद्धा नाही.”

“नाहीच हलणार. जाणते लोक काय करायचे, शिंप्याची टेप घेऊन चाकाचा घेर मोजायचे. घेर ठरलेला असतो. हवा वाढली की घेर वाढतो. दोन्हीकडे सारखा आला की झालं.” मग माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “बस तू. पाणी आणू का?”

तो गेल्यावर मी मागच्या चाकावरील पत्र्याच्या आत, जेथे चिखल उडतो तेथे, कापड फिरवले. तेथे दादांच्या हातचे, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेले आकडे होते, ‘६० + ८॥’. चाके काढताना ते मी पूर्वीही पाहिले होते व एखाद्या सुट्या भागाचा क्रमांक समजलो होतो. शिंप्याची टेप साठ इंचांची असते. साठ संपल्यावर खडूची खूण करून पुढे साडेआठ. दर सकाळी निघण्यापूर्वी दादा हेच करीत असले पाहिजेत. मग त्या सकाळीही त्यांनी हे मोजले असणारच, आणि चाके बरोबर असल्याची खात्री करूनच ते घरून निघाले असणार, अशी माझी समजूत झाली. म्हणजे सर्व दोष माझ्या नळीचा.

मी ठरवले की वहिनींना सर्व सांगावयाचे. दादा रागाने वेगात गेले नाहीत, त्यांना मी मारले, हे ऐकून त्यांच्या मनावरचा दगड तरी उतरेल. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. बारकी बाहेर गेली होती. वहिनी मशीनवर बसून कोटाला खिसा लावीत होत्या.

“वहिनी, त्या दिवशीचं एक सांगायचं आहे.”

त्यांनी चाक हाताने थांबवले. “आधी माझं ऐकून घ्या, भाऊजी. पोरगी आता गाडीवर बसणार, तर कुणाला तरी सांगून टाकावं म्हणते. आजवर सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटते. भांडण कशावरून झालं माहितीये? टेपवरून.”

मी मशीनजवळचे स्टूल ओढून बसलो.

“रोज सकाळी माझी टेप न्यायचे आणि चिखल-ग्रीस लावून आणून द्यायचे. कशाला लागते म्हटलं तर म्हणायचे, तुझ्या सवतीचं माप घेतो. आदल्या दिवशी त्या टेपचा काळा डाग एका कोटावर पडला. पाठीवर मधोमध. सकाळी मागायला आले तर मी टेप या खणात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली इथं कमरेला खोचली. म्हटलं, सवतीला तिच्या माहेराहून आणायला सांगा टेप. ते दोनदा म्हणाले, दे गं, उशीर होतोय. मी नाही दिली. वर चार गोष्टी ऐकवल्या. तसेच गेले.” त्या कोटाची शिवण नखाने सरळ करीत राहिल्या. “एका टेपसाठी, भाऊजी. हसत जाणारा माणूस मी रागवून पाठवला. तुम्ही काय सांगत होता?”

“चाकं मिळाली,” मी म्हणालो. “जुनीच आहेत, पण चांगली आहेत.”

घरी न जाता मी गॅरेजमध्ये येऊन बसलो. मी माझे सांगितले असते, तर हवा मोजण्याची रीतही सांगावी लागली असती, आणि टेप कशासाठी हवी होती हे वहिनींना त्याच घटकेस उमगले असते. आजवर त्या आपल्या जिभेस दोष देत होत्या. तदनंतर वहिनी खणाच्या त्या किल्लीस दोष देत बसल्या असत्या. टेप नसली तरी दादांच्या मागल्या दिवसाच्या मापाची हवा चाकांत होतीच. बिघडवली ती मी. परंतु टेप जवळ असती, तर पाझराच्या ठिकाणी उतरल्यावर, किंवा गाडी पहिल्यांदा उसळताच, त्यांनी थांबून घेर पाहिला असता व हवा सोडली असती, हाही विचार मला टाळता येईना. मला टाळता येत नव्हता, तर वहिनींना कसा टाळता आला असता?

आणि न सांगता गाडी देणेही शक्य नव्हते. बारकीस हवा मोजण्यास शिकवणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी मी नटबोल्टला म्हणालो, “दोन-तीन पौंड दाखवणारा गेज मिळेल का कुठे?”

“टेप असताना?”

“टेपचं नाव माझ्या पुतणीपुढे काढायचं नाही. तिच्या आईपुढे तर नाहीच. का ते विचारू नको.”

त्याने विचारले नाही. चार दिवसांनी त्याने एक लहान गेज आणून दिला, मोठ्या आकड्यांचा, काचेला चीर गेलेला, परंतु काटा अचूक. मी तो तीनदा तपासून पाहिला. मग पॉलिश पेपर घेऊन पत्र्याच्या आतील ते आकडे घासले. ऑइलपेंट जुना असला की चिवट होतो. आधी अधिकचे चिन्ह गेले, मग साठ. दादांच्या हस्ताक्षरातील आणखी काही आता माझ्याजवळ उरलेले नाही, पोस्टाच्या पासबुकावर सही आहे तेवढी. पत्रा चमकू लागला तेव्हा त्यावर मी काळा रंग दिला.

गाडी मी सकाळी त्यांच्या अंगणात नेली. वहिनी पायरीवर बसल्या. बारकीने नवे हेल्मेट आणले होते. मी तिला सर्व दाखवले. दोरी कशी ओढावी, वळताना अंग कसे झोकावे, पाय कधीही खाली टेकू नये, कारण मागचे चाक तो ओढून घेते. शेवटी गेज तिच्या हाती दिला.

“निघण्याआधी रोज. सव्वादोन. अडीचच्या वर गेली तर सोडून द्यायची. सगळे करतात तशी कॉम्प्रेसरनं भरायची नाही. सायकलच्या पंपानं, मोजून.”

“जास्त भरली तर?”

“तर उसळते आणि उलटते.” मी उभा होतो तो खाली बसलो. “त्या दिवशी दादाच्या चाकांत अठरा पौंड होती. मी भरली होती. तो फोनवर होता, मला चाकं नरम वाटली. त्याला सांगितलंही नाही. मला माहीत नव्हतं, पण भरली मी. दादा वेगानं गेला नाही, वहिनी. रागानंही नाही. तुमचं भांडण त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हतं, फोनवर हसत होता तो.”

शेवटचे वाक्य खोटे होते. ते फोनवर काय बोलले ते मी ऐकले नव्हते.

बारकीने गेज दोन्ही हातांत धरला होता. मग वहिनी मला जी भीती होती तेच बोलल्या, अगदी हळू आवाजात.

“मग टेप कशाला लागायची त्यांना?”

“साखळीला,” मी म्हणालो. हे उत्तर मी आठ दिवस घोकले होते. “साखळी किती सैल झाली ते मोजायला. चाकाशी तिचा संबंध नाही. त्या दिवशी नसती मोजली तरी काही बिघडत नव्हतं.”

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मीही नजर हलवली नाही. आयुष्यात मी इतका वेळ त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिले नव्हते, दिराने पाहावे असेही नाही. मग त्यांनी श्वास घेतला, आणि अकरा वर्षांनंतर त्यांचा आवाज चढला.

“मी रात्र रात्र या पायरीवर काढल्यात. माझ्या तोंडाला कुलूप लावलं मी. पोरीला एक शब्द बोलले नाही. आणि तुम्ही इथं बसून माझ्या हातचा चहा पीत होता?”

“मला माहीत नव्हतं, वहिनी. आत्ता कळलं.”

“गॅरेज चालवता ना? पाटी लावलीय ना दारावर? माहीत नव्हतं म्हणे. त्यांनी शंभरदा सांगितलं होतं, हात लावू नकोस म्हणून. कशाला लावलात हात? कोणी सांगितलं होतं?” शेजारच्या खिडक्या उघडल्या. “उठा. उठा इथून. परत या दारात दिसू नका मला.”

“आई,” बारकी म्हणाली.

“तू गप्प बस. तू आत हो आधी.”

मी उठलो. पाने पिशवीत भरताना एक पाना पायरीखाली घरंगळला, तो मी तेथेच राहू दिला. गल्लीच्या टोकापर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. तो जसा पूर्वी होता तसाच होता.

त्या गोष्टीस आता सात महिने झाले. मला त्या घरातून बोलावणे येत नाही व मीही जात नाही. बाजारात एकदा समोरासमोर आलो, तेव्हा वहिनी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. माझे लग्न झालेले नाही. रविवारचे जेवण मी त्यांच्याकडेच घेत असे. आता रविवारीही गॅरेज उघडे ठेवतो. लोकांची सोय होते.

बारकी मात्र दर महिन्यास गाडी आणते. दुसऱ्या कोणास त्या गाडीतले कळत नाही, असे तिने आईस सांगितले आहे. गेल्या खेपेस मी मागच्या बेअरिंगला ग्रीस भरीत होतो, आणि ती बाकावर बसून आईच्या तक्रारी सांगत होती. आई आता दिवसभर टाकून बोलते, भाजीवाल्याशी भांडते, एका डॉक्टरला तर तिने कोट परत घेऊन जा म्हणून सांगितले. आणि रात्री झोपते. आडवी झाली की झोपते.

“बरं आहे,” मी म्हणालो.

“काका, एक विचारू? बाबा एवढे काटेकोर होते. चाक असं दगडासारखं झालेलं बसल्या बसल्या कळतं. मला कळतं. त्यांना कसं कळलं नाही?”

“घाईत होता. पाझर लागला होता ना.”

“मग चूक त्यांचीही झाली ना थोडी? बघायला हवं होतं त्यांनी. तुमची एकट्याची कशी?”

मी बेअरिंगवरचे झाकण बसवले व ते फिरवून पाहिले. ती उत्तराची वाट पाहत होती. टेपचे सांगितले असते तर ती कोणाजवळ बोलली नसती, इतकी ती समजूतदार आहे. पण ती रोज त्याच घरी जेवावयास बसते.

“एकट्याचीच,” मी म्हणालो. “दुसऱ्या बाजूचं चाक वर घे जरा.”